न्यूरल ट्यूब कशी बनते? नेहमी विचारले जाणारे प्रश्न (झूलॉजीच्या मुलांसाठी आणि घरच्यांसाठी पण)

माझ्याकडे बडोद्यात दांडिया बाजारच्या घरी बीएससी झूलॉजीची मुलंमुली शिकायला येतात, आणि दर वर्षी डेव्हलपमेंटल बायोलॉजीचं युनिट लागलं की न्यूरल ट्यूबपाशी गाडी अडते म्हणजे अडतेच. आकृती पाठ असते, नावं पाठ असतात, पण "मॅडम, हे होतं कसं?" हा प्रश्न उरतोच. दुसरीकडे सोसायटीतल्या, नात्यातल्या बायका विचारतात की ताई, डॉक्टरांनी फोलिक अ‍ॅसिड दिलंय ते कशासाठी, बाळाच्या पाठीचं काहीतरी म्हणाले. दोन्ही प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत, म्हणून उत्तरं एकाच जागी लिहून ठेवतेय. जिथे मला स्वतःला मजा येते तिथे जास्त लिहिलंय, ते समजून घ्या.

न्यूरल ट्यूब म्हणजे नक्की काय?

आपला मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू, हे दोन्ही गर्भात सुरुवातीला एकच पोकळ नळी असतात, ती न्यूरल ट्यूब. पुढचं टोक फुगून मेंदू होतं, मागचा लांब भाग मज्जारज्जू होतो, आणि आतली पोकळी पण वाया जात नाही, मेंदूत तिची व्हेंट्रिकल्स होतात आणि मज्जारज्जूत मधोमध तिचा बारीक कॅनाल होतो. पण नळी व्हायच्या आधी तिथे असतो पेशींचा एक सपाट थर, गर्भाच्या पाठीच्या बाजूला, त्याला न्यूरल प्लेट म्हणतात. पुढची सगळी गोष्ट म्हणजे या प्लेटची नळी कशी होते तीच.

हे पोटात कितव्या महिन्यात होतं?

महिन्यात नाही हो, दिवसांत. गर्भधारणेपासून मोजलं तर साधारण १८-१९ व्या दिवशी न्यूरल प्लेट दिसायला लागते, २२ व्या दिवसाच्या आसपास कडा मानेच्या जागी पहिल्यांदा एकमेकींना भेटतात, डोक्याकडचं उघडं तोंड २५ व्या दिवसाच्या सुमारास बंद होतं आणि शेपटीकडचं २७-२८ व्या दिवशी. संपलं काम. त्या वेळी गर्भ तांदळाच्या दाण्याहून लहान असतो.

आता इथे एक हिशोब नीट समजून घ्या कारण घरी सगळ्यांचा गोंधळ इथेच होतो. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे गर्भ राहायच्या साधारण २ आठवडे आधीपासून. म्हणून २८ वा दिवस म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ६ आठवडे, आणि २८ दिवसांची पाळी असेल तर पाळी चुकून फक्त २ आठवडे झालेले असतात. कित्येक जणींना तोपर्यंत "दोन-चार दिवस पुढे गेलीय, येईल" असंच वाटत असतं, आणि तिकडे नळी बंद होऊन पण गेलेली असते.

सपाट थराची नळी करतं कोण? बाहेरून कोणी दुमडतं का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. आपण सुरळीची वडी करतो (इथे शेजारी तिला खांडवी म्हणतात), ताटावर पीठ पसरायचं, कापायचं आणि बोटांनी गुंडाळत जायचं. पीठ स्वतः काही करत नाही, गुंडाळणारा हात बाहेर असतो. न्यूरल प्लेटला असा हात नाही. पेशी स्वतःच आकार बदलतात आणि त्यामुळे अख्खा थर वाकतो, जणू वडीच्या पिठाचा कण न् कण ठरवतोय की आता मी वळणार.

हे कळायला वेळ लागला. १८७४ मध्ये विल्हेल्म हिस यांनी मांडलं की थर दुमडतात ते यांत्रिक कारणांनी, एक भाग जास्त वाढतो, एक कमी, आणि ढकलाढकलीत घडी पडते. तेव्हा हे बोलणंच धाडसाचं होतं. मग १८८५ मध्ये विल्हेल्म रू यांनी कोंबडीच्या गर्भातला न्यूरल प्लेटचा तुकडा कापून कोमट मिठाच्या पाण्यात काही दिवस जगवला, शेजारच्या थरांपासून अगदी वेगळा काढून, आणि तो एकटा तुकडा पण आपला आपण वळून नळी झाला. तिथून मग प्रश्नच बदलला, बाहेरून काय ढकलतं याच्याबरोबर पेशीच्या आत काय चाललंय हे पण बघायला हवं असं झालं. आज दोन्ही खरं मानतात. मुख्य जोर प्लेटच्या पेशींचा, पण बाजूचा थर, ज्याची पुढे कातडी होते, तो पण पसरताना दोन्हीकडून रेटा देतो. परीक्षेत एकच कारण लिहून मोकळे होऊ नका, मार्क जातील आणि ते बरोबर पण नाही.

"पेशी आकार बदलतात" म्हणजे नेमकं काय होतं? पुस्तकात एका ओळीत संपवलंय.

हो ना, आणि खरी गंमत त्याच ओळीत आहे. सावकाश वाचा.

आधी पेशी उंच होतात. प्लेटच्या पेशी शेजारच्या पेशींपेक्षा लांबट, खांबासारख्या उभ्या राहतात, आत मायक्रोट्यूब्यूल नावाच्या ताठ नळ्या उभ्या दिशेत लागतात त्यांच्या आधाराने. थर जाड होतो पण अजून सपाटच.

आता प्रत्येक पेशीच्या वरच्या टोकाला, कडेकडेने, अ‍ॅक्टिन नावाच्या प्रोटीनच्या धाग्यांचा पट्टा असतो. या धाग्यांना धरून ओढणारं प्रोटीन म्हणजे मायोसिन, आपल्या स्नायूत असतं त्याच्याच घराण्यातलं. आजीचा बटवा आठवा, तोंडाशी दोरी ओवलेली, दोरी ओढली की तोंड आवळतं आणि खालचा भाग फुगलेला राहतो. इथे तेच होतं, प्रत्येक पेशीला स्वतःची दोरी आहे आणि ओढणारा पण तिच्याच आत आहे. वरचं तोंड आवळलं, आतला माल तेवढाच, म्हणजे तो खाली सरकणार, आणि खांबासारखी पेशी पाचरीसारखी होणार, वर निमुळती, खाली रुंद. याला एपिकल कन्स्ट्रिक्शन म्हणतात.

एक पाचर काही करू शकत नाही. पण शेकडो पाचरी एकमेकींना घट्ट चिकटून उभ्या असतील तर? जुन्या दगडी कमानीतले दगड बघा कधीतरी, प्रत्येक दगड एका बाजूला अरुंद आणि एका बाजूला रुंद असतो, म्हणून नुसते शेजारी शेजारी लावले तरी ओळ वळते. इथे पण पेशी एकमेकींना कॅडहेरिन नावाच्या प्रोटीनने धरून असतात, त्यामुळे एकीने आवळलं की ओढ शेजारणीपर्यंत पोचते, आणि बघता बघता मधे खोबण पडते, न्यूरल ग्रूव्ह, आणि दोन्ही कडा वर उठतात, त्या न्यूरल फोल्ड्स. फरक एवढाच की कमानीचे दगड पाथरवट घडवून आणतो, इथे दगड जागेवर उभे राहून स्वतःला घडवतात.

आता दोरी ओढायची ही ऑर्डर कोण देतं? यात श्रूम नावाच्या प्रोटीनचं मोठं काम आहे. ते वरच्या टोकाशी जाऊन बसतं आणि रो-कायनेज नावाच्या एन्झाइमला तिथे बोलावतं, आणि ते एन्झाइम मायोसिनला चालू करतं. म्हणजे आवळायचं कुठे हे श्रूम ठरवतं, नाहीतर पेशी सगळीकडून आकसेल आणि वाकणार काहीच नाही. या नावामागची हकिकत मुलांना फार लक्षात राहते. १९९९ मध्ये हिल्डेब्रँड आणि सोरियानो यांनी उंदरातलं हे जीन बिघडलं की काय होतं ते दाखवलं, तर डोक्याकडच्या कडा आत वळायच्या ऐवजी बाहेर उलगडल्या, मशरूमच्या छत्रीसारख्या, म्हणून श्रूम.

आणि आवळणं एका दमात होत नाही. बेडकाच्या गर्भात बघितलं तर पेशी थोडी आवळते, थांबते, तेवढं धरून ठेवते, परत आवळते, आणि या आवळण्याच्या वेळी पेशीत कॅल्शियम क्षणभर वाढलेलं पण दिसतं. विहिरीतून बादली ओढताना आपण हात बदलतो ना, एक हात घट्ट धरून दुसरा पुढे, तसं. तिथे मेंदू अजून बनलेला नाही, आणि ज्या पेशींचा तो बनणार आहे त्या आधी मजुरासारखं दोरी ओढायचं काम करतात. इतकी वर्षं शिकवतेय, ही गोष्ट सांगताना अजून माझा आवाज बदलतो.

सगळ्याच पेशींनी सारखं आवळलं तर नळी गोल होईल ना? मग हिंज पॉइंट कशाला?

चांगला प्रश्न, आणि उत्तर जागेप्रमाणे बदलतं. पाठीच्या भागात वाकणं ठरावीक ठिकाणी जास्त होतं, बिजागरीसारखं. मधोमध एक, मीडियन हिंज पॉइंट, आणि वर दोन्ही बाजूंना एकेक, डॉर्सोलॅटरल हिंज पॉइंट. मधली बिजागरी नोटोकॉर्डच्या (प्लेटच्या खाली मधोमध असणारा पेशींचा दांडा) बरोब्बर वर येते आणि ते उगाच नाही, नोटोकॉर्डमधून सॉनिक हेजहॉग नावाचं प्रोटीन पाझरतं, त्याच्या सांगण्यावरून तिथल्या पेशी पाचरी होतात. इथे आणखी एक युक्ती आहे. या थरात पेशीचं केंद्रक विभाजनाच्या चक्रात वर-खाली येरझाऱ्या घालतं, आणि मधल्या बिजागरीतल्या पेशींची केंद्रकं जास्त वेळ खाली मुक्काम करतात, त्यामुळे पेशीचा खालचा भाग आपोआप फुगलेला राहतो. म्हणजे वरून आवळणं आणि खालून फुगणं, दोन्हीकडून पाचर.

पण सॉनिक हेजहॉगच नसलेल्या उंदरात मधली बिजागरी तयार होत नाही आणि तरी पाठीतली नळी बंद होते! आकार वेगळा येतो, बाजूच्या बिजागऱ्या काम भागवतात. म्हणजे सगळा भार एकावर नाही ठेवलेला. उंदरातच मानेकडून शेपटीकडे जाता जाता पद्धत बदलते, वर फक्त मधली बिजागरी, मग तिन्ही, आणि खाली खाली फक्त बाजूच्या दोन.

एपिकल आणि बेसल नेहमी उलटं लिहिलं जातं, काय करू?

एवढं लक्षात ठेव की प्लेट सपाट असताना जी बाजू वर, आकाशाकडे, तीच नळी झाल्यावर आत पोकळीकडे जाते. ती एपिकल. आवळते ती तीच बाजू. कागदाला एका बाजूने चिकटपट्टी ताणून लावली की कागद त्याच बाजूला वळतो, करून बघ, पुन्हा चुकणार नाहीस.

कन्व्हर्जंट एक्स्टेन्शन काय असतं? याचा वाकण्याशी काय संबंध?

गणपतीची मिरवणूक मोठ्या रस्त्यावरून अरुंद गल्लीत शिरते तेव्हा काय होतं बघा. मघाशी दहा-दहा जण शेजारी शेजारी चालत होते, आता तीन-तीन. माणसं तेवढीच, पण मिरवणूक रुंदीत कमी झाली आणि लांबीत वाढली, कारण बाजूची माणसं मधे घुसली आणि मधली पुढे-मागे सरकली. न्यूरल प्लेट पण सुरुवातीला रुंद आणि आखूड असते. बाजूच्या पेशी मधल्या रेषेकडे घुसतात, एकमेकींच्या मधे जागा करतात, आणि प्लेट अरुंद आणि लांब होते. फरक एकच, मिरवणुकीला गल्लीच्या भिंती दाबतात, इथे भिंती नाहीत, पेशी आपणहून घुसतात.

वाकण्याशी संबंध हाच की प्लेट रुंदच राहिली तर दोन्ही कडा इतक्या लांब राहतात की कितीही वर उठल्या तरी भेटणार नाहीत.

मग पेशीला कसं कळतं की मधली रेषा कुठल्या बाजूला आहे? आपल्या बडोद्याच्या गरब्यात हजारो जण गोलात फिरतात, वरून ऑर्डर कोणी देत नाही, प्रत्येक जण शेजारच्याकडे बघून तोंड कुठे करायचं ते ठरवतो आणि अख्खं मैदान एका दिशेने फिरतं. पेशींमध्ये पण अशी शेजारणीला बघून दिशा ठरवायची व्यवस्था आहे, तिला प्लेनर सेल पोलॅरिटी म्हणतात, आणि तिच्यातलं एक महत्त्वाचं जीन म्हणजे व्हँगल-२. उंदरात याच्या दोन्ही प्रती बिघडल्या की नळी मागच्या मेंदूपासून खाली शेपटीपर्यंत उघडी राहते (एकच प्रत बिघडली तर शेपूट वळलेली, म्हणून त्या उंदरांचं नाव लूप-टेल). आवळायची दोरी शाबूत, तरी नळी नाही, कारण दिशाच हरवली. मला हे फार मोठं वाटतं.

कडा भेटल्यावर चिकटतात कशा?

करंजीच्या कडा आपण दाबतो, इथे पेशी स्वतः बोटं काढून समोरच्या कडेला धरतात. खरंच, समोरासमोर आल्या की कडेच्या पेशींमधून बारीक सोंडांसारखे भाग बाहेर येतात, पलीकडच्यांना पकडतात, आणि मग चेन लावल्यासारखी बंद होण्याची क्रिया पुढे सरकत जाते, मानेपासून डोक्याकडे आणि मानेपासून शेपटीकडे. उंदरात अशी सुरुवात एकाहून जास्त ठिकाणी होते. बंद झाल्यावर दोन थर वेगळे व्हायला लागतात, वर कातडीचा, खाली नळीचा. इथे परत कॅडहेरिन. कातडीच्या पेशींवर ई-कॅडहेरिन, नळीच्या पेशींवर एन-कॅडहेरिन, ज्यांचं ज्यांच्याशी जमतं त्या त्यांच्याजवळ राहतात, आणि नळी कातडीपासून सुटून आत जाते.

न्यूरल क्रेस्ट याच चॅप्टरमध्ये का येतं?

कारण ते त्याच शिवणीवर जन्माला येतं. कडा जिथे जुळतात तिथल्या काही पेशी ना नळीत राहतात ना कातडीत, त्या शेजारणींचे हात सोडतात आणि चालायला लागतात. काही जाऊन कातडीला रंग देणाऱ्या पेशी होतात, काही नसांच्या गाठी, काही अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा आतला भाग, आणि चेहऱ्याची बरीच हाडं आणि कूर्चा पण यांचीच. हिस यांनीच १८६८ मध्ये हा पट्टा कोंबडीच्या गर्भात ओळखला होता. पण कुठली पेशी कुठे गेली हे दाखवलं निकोल ल दुआरँ यांनी, १९६९ पासून, लाव्ही पक्ष्याच्या पेशी कोंबडीच्या गर्भात लावून. लाव्हीच्या पेशींचं केंद्रक रंगवल्यावर वेगळं दिसतं, म्हणून कोंबडीच्या शरीरात पाहुणी पेशी कुठे पोचली ते लगेच कळायचं. इतकी साधी युक्ती!

शेपटीकडची नळी वेगळ्या पद्धतीने बनते म्हणतात ते खरं का?

हो. कमरेच्या खाली, सेक्रमच्या भागात, वाकणं वगैरे नाही. तिथे सुट्या पेशी आधी एकत्र येऊन भरीव दांडा बनवतात आणि मग त्याला आतून पोकळी पडते, ती पुढे वरच्या नळीला जोडली जाते. सेकंडरी न्यूरुलेशन. दोन-तीन मार्कांना येतं, एवढं पुरे.

हे सगळं कोंबडी, बेडूक, उंदीर यांचं झालं. माणसात पण तसंच होतं कशावरून?

मुख्य गोष्टी त्याच आहेत, आवळणारी दोरी तीच, प्रोटीन तीच, दिशा दाखवणारी जीन्स तीच. माणसातल्या काही केसेसमध्ये व्हँगल-१ या जीनमध्ये बदल सापडलेत, ते लूप-टेलच्या जीनचं भावंडच. आता तर माणसाच्या स्टेम सेल्सपासून काचेवर छोटा थर वाढवून तो वाकून नळी होताना बघता येतो. पण सगळे प्राणी अगदी एकसारखे नाहीत, झेब्राफिशमध्ये आधी भरीव पट्टा होतो आणि पोकळी नंतर पडते. म्हणून "प्राण्यात असं होतं" लिहिताना कुठल्या प्राण्यात ते लिहीत जा.

नळी बंद झाली नाही तर काय होतं?

कुठे उघडी राहिली त्यावर आहे. डोक्याकडची बाजू उघडी राहिली तर मेंदू आणि कवटीचा वरचा भाग तयार होत नाही, याला अ‍ॅनेनसेफली म्हणतात, अशी बाळं जगत नाहीत. पाठीत उघडी राहिली तर स्पायना बिफिडा. त्याचे प्रकार आहेत, काहींमध्ये बाहेरून कळत पण नाही, काहींमध्ये मज्जारज्जू उघड्यावर येतो, मग पायात ताकद कमी, लघवी-शौचावर ताबा नाही, डोक्यात पाणी साठणं असं होऊ शकतं. पण अशी मुलं ऑपरेशननंतर, थेरपीने, कॅलिपर किंवा व्हीलचेअर घेऊन शाळेत जातात, शिकतात, नोकऱ्या करतात. लोक "बिचारं" म्हणून हात झटकतात ते चूक आहे. साधारण १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत हे बघतात, ती चुकवू नका. अ‍ॅनेनसेफली तर बऱ्याचदा त्याच्या आधीच्या सोनोग्राफीत पण दिसते.

मी ग्रहणात भाजी चिरली होती, त्यामुळे झालं का? माझं काय चुकलं?

नाही. ग्रहणाचा, सुरीचा, जिना चढण्याचा, शिवण्याटिपण्याचा यात काही संबंध नाही.

हे मी इतकं ठासून का सांगते, तर माझ्या मावसबहिणीचं पहिलं बाळंतपण. पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत अ‍ॅनेनसेफली निघाली. घरात कोणी ग्रहण काढलं, कोणी म्हणालं ही स्कूटर चालवत होती, आणि ती बिचारी रात्र रात्र जागून स्वतःचे दिवस आठवत बसायची की मी कुठे चुकले. मी तिच्याशेजारी बसून वहीत हीच आकृती काढली, नळी, कडा, २८ दिवस, आणि दाखवलं की हे झालं तेव्हा तुला माहीत पण नव्हतं की तू आई होणार आहेस. ती खूप वेळ आकृतीकडे बघत बसली आणि मग रडली, पण ते रडणं वेगळं होतं. लग्नानंतर कितीदा दवाखान्यात गेली होती ती, फोलिक अ‍ॅसिडचं एक वाक्य कोणी बोललं नव्हतं तिला. याचा मला अजून राग आहे. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी आधीपासून मोठा डोस सुरू केला. ती मुलगी आता आठवीत आहे.

खरी कारणं बरीच असतात आणि सहसा एकटं एक नसतं. जीन्सचा भाग असतो, उंदरात तर अशी २०० हून जास्त जीन्स माहीत आहेत ज्यांच्यात बिघाड झाला तर नळी उघडी राहू शकते. फोलेट (ज्या जीवनसत्त्वाचं गोळीतलं रूप म्हणजे फोलिक अ‍ॅसिड) कमी असणं, ताब्यात नसलेला डायबेटिस, खूप जास्त वजन, सुरुवातीच्या दिवसांत खूप ताप, आणि फिट्सच्या औषधांपैकी व्हॅल्प्रोएट. फिट्सची गोळी मनाने मात्र अजिबात बंद करायची नाही, मूल हवं असं ठरवताय तेव्हाच डॉक्टरांशी बोला, ते औषध बदलायचं का ते बघतील.

फोलिक अ‍ॅसिड कधीपासून घ्यायचं?

गर्भ राहायच्या आधीपासून. निदान एक महिना आधी, आणि पहिले तीन महिने चालू. वरचा दिवसांचा हिशोब परत वाचा म्हणजे का ते कळेल, पाळी चुकली, टेस्ट केली, मग डॉक्टरची अपॉइंटमेंट, तोवर नळीचं काम आटोपत आलेलं असतं. नेहमीचा डोस रोज ४०० मायक्रोग्रॅम. आधीचं बाळ असं झालं असेल, डायबेटिस असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डॉक्टर जास्त देतात, ४-५ मिलिग्रॅम, तो डोस त्यांनीच ठरवायचा.

हे कशाने सिद्ध झालं? १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलची मोठी ट्रायल आली, ७ देशांत, १,८१७ बायका, ज्यांचं आधी एक बाळ असं झालं होतं. रोज ४ मिलिग्रॅम फोलिक अ‍ॅसिड घेणाऱ्यांमध्ये परत तेच होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं, फरक इतका स्पष्ट होता की ट्रायल आधीच थांबवली. पुढच्याच वर्षी हंगेरीतून चायझेल आणि दुदाश यांनी दाखवलं की पहिल्या वेळी पण आधीपासून घेतलेल्या अशा गोळ्यांचा उपयोग होतो.

फोलिक अ‍ॅसिडची कहाणी तर आपल्याच देशातून जाते. लूसी विल्स नावाच्या डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आल्या, कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक वाईट अ‍ॅनिमिया व्हायचा त्याचा शोध घ्यायला, आणि त्यांना दिसलं की यीस्टचा अर्क, तो मार्माइट, दिला की या बायका बऱ्या होतात. त्यातलं जे काही होतं तेच फोलेट. पुढे १९४५ मध्ये अमेरिकेत लेडर्ली कंपनीत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या टीमने फोलिक अ‍ॅसिड लॅबमध्ये बनवलं, आणि सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. मुंबईच्या गिरणीतल्या त्या बायका आणि भीमावरमचा तो मुलगा, दोघांचं देणं त्या पिवळ्या गोळीत आहे.

मी रोज पालक-मेथी खाते, डाळी खाते, मग गोळी कशाला?

खात राहा, फार चांगलं आहे. पण पालेभाजीतलं फोलेट शिजवताना बरंच जातं आणि गोळीतलं शरीरात जास्त चांगलं शोषलं जातं. नळी बनताना पेशी झपाट्याने वाढत असतात, प्रत्येक विभाजनाला नवा डीएनए लागतो आणि तो बनवायला फोलेट लागतं, तेव्हा उधारी चालत नाही. आणखी एक, आपल्याकडे बऱ्याच घरांत पूर्ण शाकाहार असतो, तिथे बी-१२ कमी असण्याची शक्यता जास्त, आणि फोलेटचं काम बी-१२ शिवाय अडतं. म्हणून बी-१२ पण तपासून घ्या. दुकानात पिठाच्या पाकिटावर निळं प्लस एफचं चिन्ह दिसलं तर त्यात लोह, फोलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घातलेलं असतं, ते घेतलं तर चांगलंच, पण मूल हवं असताना गोळीची जागा ते घेत नाही.

मॅडम, हे प्रत्यक्ष कुठे बघायला मिळेल? घरी अंडं फोडून दिसेल का?

घरी नको. दुकानातली अंडी बहुतेक फलित नसतातच, आणि फलित असलं तरी जिवंत गर्भ उघडायचा तो शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, नियम पाळून, लॅबमध्ये.

पण तुमच्या प्रॅक्टिकलच्या पेटीत कोंबडीच्या गर्भाच्या होल माउंट स्लाइड्स असतात, २४ तास, ३३ तास, ४८ तास. सगळे जण नावं पाठ करून स्लाइड सरकवतात. ३३ तासांची घ्या आणि लो पॉवरखाली घाई न करता डोक्याकडून शेपटीकडे हळूहळू सरकवा. पुढे डोक्याशी मेंदूचे फुगवटे दिसतील आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांची सुरुवात, म्हणजे तिथे नळी केव्हाच बंद झालीय. मधे दोन्हीकडे सोमाइट्सच्या (पुढे ज्यांचे मणके आणि स्नायू होतात ते पेशींचे ठोकळे) चौकोनी जोड्या आणि त्यांच्यामधून जाणारी सरळ नळी. अजून खाली या, दोन्ही कडा एकमेकींपासून दूर जायला लागतील, आणि शेवटी एक उघडी, पतंगासारखी चौकट दिसेल, सायनस रॉम्बॉइडॅलिस. तिथे प्लेट अजून प्लेटच आहे, कडा अजून भेटायच्या आहेत. त्या एका काचेवर न्यूरल ट्यूबच्या सगळ्या पायऱ्या एकाच वेळी आहेत, वर झालेलं काम आणि खाली व्हायचं काम. प्रॅक्टिकलची बेल वाजली तरी ते खालचं टोक बघितल्याशिवाय स्लाइड परत करू नका.